भिलाईचे ऊन आणि कार्यालयाची इमारत : हवामानानुकूल वास्तुरचनेचा अभ्यास

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे गाव देशाच्या औद्योगिक नकाशावर आले. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांत विभागलेली वसाहत उभी राहिली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, पुढे भिलाईच्या आयआयटीचे वर्ग २०१६ मध्ये प्रथम रायपूर येथे तात्पुरत्या जागेत सुरू झाले आणि कुटेलाभाटा येथील तिच्या कायमस्वरूपी परिसराचे २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाले. पोलादाच्या शहरात आता कार्यालये, शिक्षणसंस्था आणि सेवाक्षेत्र यांचे बांधकाम वाढते आहे. या नव्या इमारती कोणत्या हवामानासाठी बांधल्या जातात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. समशीतोष्ण देशांतील काचेच्या पेटीची नक्कल भिलाईत उभी केली, तर तिची किंमत पुढील पन्नास वर्षे विजेच्या बिलातून मोजावी लागते. आणि वीज गेली की आतल्या कर्मचाऱ्यांना व कामासाठी रांगेत उभ्या असलेल्या नागरिकांना ती घामाने मोजावी लागते.

राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग मानले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने ही विभागणी पाठ असावीच. परंतु तिचा अर्थ समजणे अधिक आवश्यक आहे. नागपूर, रायपूर आणि दिल्ली ही शहरे संमिश्र विभागात मोडतात. संमिश्र म्हणजे सौम्य नव्हे. एकाच वर्षात येथे तीन वेगवेगळी हवामाने नांदतात आणि एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो, हीच येथील वास्तुरचनेची खरी अडचण आहे. भिलाईत मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, काही दिवस ते ४५ अंशांपलीकडे जाते आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जूनच्या मध्यानंतर मोसमी पाऊस येतो. वर्षभरातील सुमारे १,२०० ते १,३०० मिलिमीटर पावसाचा बहुतांश भाग सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. तापमान उतरते, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड आणि दिवस सुखद असतात.

सूर्याचा हिशेब

भिलाई सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नागपूर आणि सुरतही जवळपास याच अक्षांशावर असल्याने पुढील गणित त्या शहरांनाही तसेच्या तसे लागू पडते. भिलाईचे रेखांश सुमारे ८१.४ अंश पूर्व, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ अंश रेखांशापासून जवळच. त्यामुळे मे महिन्यात घड्याळातील बारा आणि सूर्याची माध्यान्ह यांत येथे नगण्य फरक पडतो.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या प्रत्येक भारतीय शहरावरून सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावरून जातो. भिलाईत हे दिवस साधारण २७ मे आणि १६-१७ जुलै असे येतात. विदर्भात व छत्तीसगडात ज्या दिवसांना लोक ‘नवतपा’ म्हणतात, ते रोहिणी नक्षत्राचे पहिले नऊ दिवस २५ मेच्या सुमारास सुरू होतात. उन्हाचा कडाका आणि डोक्यावरचा सूर्य यांचा संबंध लोकानुभवाने खगोलगणिताच्या आधीच जोडला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. या दोन तारखांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. २१ जून रोजी त्याचा उन्नतांश सुमारे ८८ अंश. २२ डिसेंबरला तो दक्षिणेकडे झुकून सुमारे ४५ अंशांवर येतो आणि संपातदिनी, म्हणजे २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास, ६९ अंशांवर असतो.

या तीन आकड्यांतून इमारतीच्या चारही बाजूंचा स्वभाव ठरतो. भर उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत जवळजवळ सावलीतच असते. सर्वाधिक ऊन झेलते ते छप्पर, आणि त्याखालोखाल पूर्व व पश्चिम भिंती. म्हणून इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरावी, खिडक्या उत्तर व दक्षिण भिंतींत असाव्यात आणि पूर्व-पश्चिम टोकांना जिने, स्वच्छतागृहे, दप्तरखाने असे भाग ठेवावेत, हा उष्ण कटिबंधीय कार्यालयाचा पहिला नियम होय. तो पाळण्यास जादा पैसा लागत नाही. फक्त पहिली रेघ ओढण्यापूर्वी उत्तर दिशा पाहावी लागते. रस्त्याकडे तोंड असलेच पाहिजे या आग्रहापोटी हा नियम अनेकदा मोडला जातो, आणि एकदा पाया भरला की तो दुरुस्त करता येत नाही.

दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा किती असावा? खिडकी दीड मीटर उंच धरू. संपातदिनी सूर्य विषुववृत्ताच्या प्रतलातून फिरत असल्याने दक्षिण भिंतीवरील त्याचा उभा छायाकोन दिवसभर कायम राहतो आणि तो ९० वजा अक्षांश, म्हणजे ६९ अंशांच्या जवळ असतो. त्यामुळे सुमारे ६० सेंटिमीटरचा छज्जा त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत संपूर्ण खिडकी सावलीत ठेवतो. हिवाळ्यात सूर्य खाली आला की त्याच छज्जाखालून खिडकीच्या खालच्या ९० सेंटिमीटर भागावर ऊन येते. वास्तुशास्त्राची पाठ्यपुस्तके या उन्हाचे स्वागत करतात. परंतु ती शिकवण घरांसाठी आणि थंड प्रदेशांसाठी आहे. कार्यालयात दिवसा माणसे, संगणक आणि दिवे स्वतःच उष्णता निर्माण करतात. शिवाय भिलाईत ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला नसतो. ऑक्टोबरअखेर माध्यान्हीचा उन्नतांश ५५ अंशांच्या आसपास असतो आणि त्या वेळी पूर्ण सावली हवी असेल तर छज्जा एक मीटरहून थोडा अधिक लागतो. एवढा मोठा छज्जा अवजड वाटल्यास खिडकीचे दोन सारखे भाग करून प्रत्येकावर निम्म्या खोलीचा छज्जा द्यावा. छायाकोन तोच राहतो. मधल्या छज्जाचा पृष्ठभाग पांढरा ठेवल्यास त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश छताला लागून खोलीत आतपर्यंत पोहोचतो, हा आणखी एक लाभ.

पश्चिमेला मात्र छज्जा हरतो. मेच्या उत्तरार्धात दुपारी चार वाजता भिलाईत सूर्य सुमारे ३४ अंशांवर आणि जवळजवळ थेट पश्चिमेला असतो. दीड मीटरची खिडकी त्या क्षणी झाकायची तर छज्जा दोन मीटरहून अधिक लांब हवा, आणि पाच वाजता तोही पुरणार नाही. म्हणून पश्चिम भिंतीत खिडक्या कमीत कमी ठेवणे, अपरिहार्य असतील तेथे उभ्या पाती, जाळी किंवा वेली लावणे आणि भिंतीपलीकडे झाडे लावणे हेच मार्ग उरतात. उत्तरेकडे उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन येते, कारण २१ जूनला सूर्य पूर्वेच्या उत्तरेस सुमारे २५ अंशांवर उगवतो. तेथे लहान उभ्या पाती पुरेशा असतात.

भिंत, छप्पर, काच

भिंतीच्या बाबतीत उष्णता रोखणे आणि उष्णता उशिरा पोहोचविणे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. विटेची २३० मिलिमीटर जाड भिंत उष्णतेला काही तासांचा विलंब लावते. दुपारी बाहेर लागलेली झळ आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. घरासाठी हे त्रासदायक, कारण माणसे तेव्हाच घरी परततात. कार्यालयासाठी तेच सोयीचे, कारण तोवर कर्मचारी निघून गेलेले असतात. साठलेली उष्णता रात्री खिडक्या उघड्या ठेवून बाहेर काढता आली पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये हे साधते, मेच्या अखेरीस रात्रीचे तापमानच २८ अंशांच्या आसपास राहू लागले की या उपायाचे बळ सरते. रोखण्याच्या दृष्टीने मात्र साधी वीटभिंत दुबळी आहे. तिची उष्णतापारगम्यता, म्हणजे आत-बाहेर एक अंश फरक असताना दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता, सुमारे २ वॅट असते. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची अपेक्षा १ वॅटच्या बरीच खाली आहे. सच्छिद्र हलके ठोकळे, पोकळ भिंत किंवा बाहेरून उष्णतारोधक थर यांशिवाय ती पूर्ण होत नाही.

छपराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, हे आश्चर्यच. उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन तेथे पडते आणि वरच्या मजल्यावरील कर्मचारी ते भोगतात. ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या फुटक्या चिनी फरशांचा थर, म्हणजे चायना मोझॅक, हा जुना उपाय आजही उत्तम आहे. कोबा उष्णतेला अडवतो आणि पांढरा पृष्ठभाग ती परत आकाशाकडे पाठवतो.

साहित्य दूरवरून आणण्याची भिलाईला गरज नाही. झोतभट्टीतून निघणारी मळी दळून क्लिंकरच्या जागी वापरली की स्लॅग सिमेंट होते. शहरालगतच्या जामुल येथील सिमेंट कारखान्याचा पायाच या मळीच्या उपलब्धतेवर घातला गेला. क्लिंकर कमी म्हणजे चुनखडी भाजण्याने होणारे कार्बन उत्सर्जनही कमी. एनटीपीसी व सेल यांच्या संयुक्त कंपनीच्या भिलाई येथील औष्णिक केंद्रातून राख मिळते आणि तिच्या विटा व ठोकळे बनतात. राखेच्या वापराविषयी केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी पहिली अधिसूचना काढली होती. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने नियम अधिक कडक केले.

काचेचा मोह हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे. २०१७ च्या संहितेने निर्देशात्मक पद्धतीत खिडक्यांचे क्षेत्र भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आणि संमिश्र विभागात उत्तर सोडून अन्य दिशांच्या काचेसाठी सौर उष्णता लाभ गुणांक ०.२७ हून अधिक नसावा असे ठरविले. म्हणजे काचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकी जास्तीत जास्त २७ टक्के आत यावी. अशी काच महाग असते. सावली स्वस्त असते. दिवसाच्या प्रकाशासाठीही मोठी काच लागत नाही. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट खोलीपर्यंत उपयुक्त प्रकाश जातो. वरची कड २.७ मीटरवर असेल तर तो सुमारे सहा मीटर आत पोहोचेल. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मध्ये मार्गिका धरल्यास इमारतीची रुंदी १४-१५ मीटरपुढे जाऊ नये. त्याहून मोठे कार्यालय हवे असेल तर इमारत जाड करण्याऐवजी मध्ये अंगण सोडावे. अंगणाभोवती ओसरी ठेवण्याची वाड्यांची पद्धत या गणितात चपखल बसते.

कूलर कधी, वातानुकूलन कधी

भिलाई-नागपूर पट्ट्यात उन्हाळा म्हणजे कूलर. पूर्वी वाळ्याचे पडदे भिजवून दारा-खिडक्यांवर सोडत. कूलर हे त्याचेच यांत्रिक रूप. पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता शोषून घेते. हवा याप्रकारे किती थंड होऊ शकते, याची सीमा आर्द्र-फुगा तापमान ठरवते, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो ते. मे महिन्यातील ४२ अंशांची, २० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घेतली तर हे तापमान सुमारे २४ अंश येते. चांगला कूलर या १८ अंशांच्या फरकापैकी ८० टक्के गाठतो, म्हणजे हवा १४ अंशांनी उतरून २८ अंशांच्या जवळ येते. जुलैतील ३१ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचे आर्द्र-फुगा तापमान २८ अंश असते. तोच कूलर आता हवा जेमतेम दोन-अडीच अंशांनी उतरवतो आणि वर दमटपणा वाढवतो. कूलर तोच, वीज तीच, पण मे महिन्यात तो वरदान आणि जुलैत निरुपयोगी. संमिश्र हवामानाचा अर्थ या एका उदाहरणातून स्पष्ट होतो.

म्हणून भिलाईच्या कार्यालयाला ऋतुमानाप्रमाणे बदलणारी व्यवस्था हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या आणि पंखे पुरेत. मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत बाष्पीभवनाधारित शीतकरण. पाण्याचा ओलावा खोलीत न येऊ देता हवा आधी अप्रत्यक्षपणे थंड करणारी द्विस्तरीय यंत्रणा असल्यास अधिक चांगले. पावसाळ्यात पंखे, आरपार वारा आणि जेथे आवश्यक तेथे आर्द्रता काढणारे वातानुकूलन. येथे मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. उत्तर-दक्षिण खिडक्या असलेल्या इमारतीला ते तिरके लागतात, तरीही समोरासमोर उघडी तावदाने असतील तर वारा खोलीतून वाहतो. उन्हासाठी योग्य दिशा आणि वाऱ्यासाठी योग्य दिशा यांत येथे फारसा संघर्ष उद्भवत नाही. पंख्याचे महत्त्व कमी लेखू नये. हवा हलती असली की शरीराला तापमान दोन-तीन अंशांनी कमी भासते, आणि नवे बीएलडीसी पंखे जुन्या ७०-७५ वॅटच्या पंख्यांच्या निम्म्याहून कमी वीज घेतात.

माणसाला सुखावह वाटणारे तापमान सर्वत्र एकच नसते, हे भारतीय संशोधनाने दाखवून दिले आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तयार झालेले भारतीय अनुकूलनक्षम सुखावहता प्रतिमान राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये स्वीकारले गेले. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या कार्यालयासाठी त्याचे सूत्र असे : बाहेरील सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणावे आणि त्यात १२.८३ मिळवावेत. मिश्र पद्धतीच्या, म्हणजे गरजेपुरते वातानुकूलन वापरणाऱ्या, इमारतीसाठी ०.२८ ने गुणून १७.८७ मिळवावेत. मे महिन्यातील बाहेरील सरासरी ३५ अंश धरली तर पहिल्या प्रकारात सुमारे ३१.७ आणि दुसऱ्या प्रकारात सुमारे २७.७ अंश तापमान कर्मचाऱ्यांना मानवते. असे असताना शीतकरण यंत्र २० किंवा २२ अंशांवर ठेवून अंगावर शाल घेऊन बसणे हा अपव्यय आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते दर एक अंश वाढीमागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नव्या तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रांची मूळ नेमणूक २४ अंशांवर असणे बंधनकारक झाले, ते याच विचाराने.

कायदा आणि उदाहरणे

या विषयाची कायदेशीर चौकट ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ पासून सुरू होते. त्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मे २००७ मध्ये जाहीर झाली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या व्यावसायिक इमारतींना ती उद्देशून होती, आणि तिच्या तीन पायऱ्यांतून अनुक्रमे सुमारे २५, ३५ व ५० टक्के ऊर्जाबचत अपेक्षित होती. २०२२ च्या सुधारणा अधिनियमाने तिची व्याप्ती वाढवून शाश्वततेचा समावेश केला आणि त्यानुसार २०२४ मध्ये नवी संहिता आली. संहितेची अंमलबजावणी राज्यांच्या अधिसूचनांवर आणि पुढे नगरपालिकांच्या बांधकाम परवानग्यांवर अवलंबून असते, हा तिचा कच्चा दुवा आहे. ‘गृह’ ही हरित इमारतींची राष्ट्रीय मूल्यांकन पद्धती टेरी व केंद्रीय अक्षय ऊर्जा मंत्रालय यांनी विकसित केली. मार्च २०१९ मधील भारत शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

याच संमिश्र हवामानात नवी दिल्ली येथे उभारलेले इंदिरा पर्यावरण भवन भिलाईसाठी सर्वांत जवळचे उदाहरण ठरते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेल्या या शासकीय कार्यालयाचे उद्‌घाटन २५ फेब्रुवारी २०१४ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. मध्ये मोकळे अंगण, उत्तर-दक्षिण तोंडाचे भाग, राखेचे हलके ठोकळे, जमिनीच्या पोटात उष्णता सोडणारी यंत्रणा आणि छतावर ९३० किलोवॅट क्षमतेचे सौर पटल अशी तिची रचना आहे. त्याआधी कितीतरी वर्षे, १९६० च्या दशकात, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या कार्यालयावर जाळीदार छत्र उभारून खालच्या जागेला सावली दिली होती. त्यासाठी ना संगणकीय प्रारूप होते ना मानांकन. दिशा, सावली आणि वारा यांचा विचार तेवढा होता.

छतावरची वीज किती पुरेल

सौर पटले बसविली की इमारत हरित झाली, असा समज रूढ होत आहे. त्याची तपासणी साध्या हिशेबाने करता येते. तीन मजल्यांचे, एकूण ३,००० चौरस मीटरचे कार्यालय आहे असे समजू. छत १,००० चौरस मीटर. त्यातील ६०० चौरस मीटर पटलांना मिळाले. एक किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाला साधारण १,४०० युनिट वीज मिळते, म्हणजे ६० किलोवॅटपासून ८४,००० युनिट. आता कार्यालयाचा वापर पाहू. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ मध्ये सुरू केलेल्या कार्यालयांच्या तारांकन योजनेत, संमिश्र विभागातील निम्म्याहून अधिक क्षेत्र वातानुकूलित असलेल्या इमारतीला दर चौरस मीटरमागे वार्षिक १९० युनिट वापरावर एक तारा मिळे आणि ९० च्या खाली पाच तारे. १९० च्या दराने वार्षिक वापर ५,७०,००० युनिट होतो आणि छतावरची वीज त्यातील जेमतेम १५ टक्के भागवते. ९० च्या दराने ती ३१ टक्के भागवते. योग्य दिशा, सावली, पांढरे छप्पर, पंखे आणि ऋतुमानाप्रमाणे शीतकरण यांच्या बळावर वापर ४० वर आणता आला, तर तीच पटले ७० टक्के गरज पुरवतात. पटलांची संख्या तिन्ही वेळा सारखीच आहे.

हा हिशेब शासकीय कार्यालयांत सहसा मांडला जात नाही, याचे कारण तांत्रिक नसून लेखाशीर्षांचे आहे. इमारत बांधण्याचा खर्च भांडवली शीर्षाखाली बांधकाम विभाग करतो, तर विजेचे बिल महसुली शीर्षाखाली ते कार्यालय भरते. निविदेत दर चौरस मीटरचा बांधकामखर्च पाहिला जातो. छज्जा, जाड छप्पर आणि पोकळ भिंत यांमुळे तो वाढलेला दिसतो व काटछाट तेथूनच सुरू होते. निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात बांधकामखर्चाशेजारी पुढील पंचवीस वर्षांच्या वीजखर्चाचा एक रकाना वाढविल्यास हीच काटछाट महागात पडणारी आहे, हे मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला कागदावरच दिसू शकेल.